चिंचोक्यांवर ठरलेलं भाषण

पोळ्याच्या दिवशी पुलगावात पत्ते खेळायला कुणाची ना नसते. एरवी रागावणारे घरचे लोक त्या दिवशी स्वतःच घोंगडी अंथरतात. मी मात्र जुगाराच्या विरुद्ध होतो. जुगार म्हणजे मजुराच्या खिशाला पडलेलं दुसरं भोक, असं मी युनियनच्या पत्रकात लिहिलंही होतं.

तरी त्या वर्षी खेळलो. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फाटकासमोर सभा होती आणि आम्हा तरुणांपैकी एकालाच बोलायला मिळणार होतं. मी आणि साचेखात्यात मागावर काम करणारा माझा दोस्त, दोघंही अडून बसलो. "पोळा आहे, पत्त्यावर ठरवा," जुने कामगार हसत म्हणाले. मी अट घातली : पैसे नकोत, चिंचोके. ज्याचे चिंचोके आधी संपतील त्याने सभेत गप्प बसायचं.

खेळ तीन पत्तीचा. आमच्याकडे जिंकणारा पत्ते वाटतो आणि हरणाऱ्याला पहिली चाल करावी लागते. मी सुरुवातीपासून हरत होतो, त्यामुळे दर वेळी आधी मी बोलायचं आणि त्याने माझं ऐकून ठरवायचं. शेवटी चिडून मी थाप मारायचं ठरवलं. हातात दुर्री, सत्ती, गुलाम. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

"दुप्पट," मी म्हणालो.

"काऊन बे, तीन एक्के घेऊन बसून राह्यला का?" त्याने हसत चिंचोके टाकले.

मी पुन्हा दुप्पट केली. त्याने पुन्हा टाकले. पण या वेळी बोलला नाही. ज्याला पत्ते टाकून द्यायचे असतात तो समोरच्याच्या तोंडावर काही सापडतं का ते शोधतो. हा माझ्याकडे बघतच नव्हता. मधल्या ढिगाकडे बघत होता.

आता तिसरी चाल माझी. आमच्या पत्रकांत माघार हा शब्द फक्त शिवी म्हणून यायचा. पण माझ्यापुढे अजून मूठभर चिंचोके होते आणि तेवढंच माझं भाषण शिल्लक होतं. मी पत्ते टाकले.

"बस? पत्रकात तर लई बोलतं लेका!" त्याने आपले पत्ते उलटले. नव्वी, दश्शी, गुलाम, तिन्ही चौकटचे. "अजून एक चाल टाकली असती नं, तर तुहं भाषण इथंच संपलं असतं."

ते संपलं, पण तासाभराने. एक्क्यांची जोडी आली, मी सगळे चिंचोके लावले आणि त्याच्याकडे जोडीला भारी पडणारी तीन बदामं निघाली. चांगल्या पत्त्यांवर हरल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. भाषण गेल्याचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो बोलला. आवाज खणखणीत, पण रोजावरच्या बदली कामगारांना कायम करा ही मागणी विसरून तो समारोपाला लागला. मी गर्दीतून ओरडलो, "बदलीवाल्यांचं काय?" लोकांना वाटलं, कुणी साधा मजूरच पेटून उठला. सभेतल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या तिथे पडल्या.