त्रेसष्ट वजा बावन्न

“बावन्न,” मिसेस राऊत म्हणाल्या. “माझं वजन बावन्न आहे. लिहा.”

मी पेन्सिल हातात धरून उभा होतो. मॅडम वजनकाट्यावर उभ्या होत्या. त्यांच्या कवेत शालीत गुंडाळलेला बोका होता. काटा दोघांचं मिळून त्रेसष्ट किलो दाखवत होता.

“मॅडम, मेजरला जरा खाली ठेवून तुम्ही एकट्याच उभ्या राहिलात तर...”

“कशाला? मी सांगतेय ना. लग्नात बावन्न होते, आजही बावन्न आहे.”

मी लिहिलं. त्रेसष्ट वजा बावन्न. बोका अकरा किलो.

अकरा किलोचा बोका मी आयुष्यात पाहिला नव्हता. पण कमांडिंग ऑफिसरच्या बायकोला ‘काट्यावर पुन्हा उभ्या राहा’ म्हणणारा कॅप्टनही मी पाहिला नव्हता.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी लष्करात घोड्यांचा डॉक्टर होतो आणि पोस्टिंग जयपूरला होतं. माझा सगळा दिवस खूर, नाल आणि पोटदुखी यांत जायचा. दुपारच्या जेवणानंतर अधिकाऱ्यांच्या घरचे कुत्रे यायचे. मांजर क्वचित. कर्नल राऊत आमचे सीओ, म्हणजे युनिटचे सर्वेसर्वा. वर्षाच्या शेवटी माझा गोपनीय अहवाल तेच लिहायचे. त्याला आम्ही एसीआर म्हणायचो आणि म्हणताना आवाज आपोआप खाली जायचा.

बोक्याचं नाव मेजर. साहेब मेजर असताना तो त्यांना सापडला होता. साहेब पुढे कर्नल झाले, बोका मेजरच राहिला. तरी हुद्द्याने तो माझ्या वरच होता आणि हे त्याला ठाऊक असावं. पहिल्याच भेटीत मी त्याची छाती चाचपायला गेलो, तर त्याने माझ्या अंगठ्याचा असा चावा घेतला की आठवडाभर मला बुटांच्या नाड्या बांधता येईनात. घोड्याच्या लाथेला न भिणारा मी त्या दिवसापासून मेजरला दोन्ही हात पाठीमागे बांधून तपासू लागलो.

त्याची अवस्था मात्र हसण्यासारखी नव्हती. राखाडी रंगाचा, लांब केसांचा, गाठोड्यासारखा गोल. पलंगावर उडी मारणं बंद झालेलं. पाठ चाटायला मान पोचत नव्हती, त्यामुळे शेपटीजवळ केसांच्या गाठी झाल्या होत्या आणि खाली कातडी लाल. व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला की धापा टाकायचा, तोही जानेवारीत. जयपूरचा मे महिना धडधाकट घोड्यालाही जड जातो.

“मॅडम,” मी म्हणालो, “वजन उतरलं नाही तर याला हा उन्हाळा निघणार नाही.”

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची मुलगी पुण्यात होस्टेलवर होती. साहेब निम्मे दिवस फिल्डवर. घरात बोलायला मेजरच.

“तुम्ही सांगाल ते करीन, डॉक्टर. तंतोतंत.”

आणि त्यांनी तसंच केलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मी मेजरचा दिनक्रम विचारला. सकाळी वाटीभर दूध, वर साय. दहा वाजता उकडलेलं अंडं. दुपारी मटणाचा खीमा. संध्याकाळी पनीर. रविवारी साहेब चारदीवारीतून, म्हणजे जुन्या जयपुरातून, रबडी आणायचे, त्यात मेजरचा वाटा असायचा.

“चहा?” मी विचारलं.

“नाही हो. चहा त्याला आवडत नाही.”

मी मॅडमना हिशेब समजावला, तो आजही तोच आहे. आपल्याकडचं मोठं मांजर साधारण चार ते पाच किलोचं असावं, मेजरसारखं मोठ्या हाडाचं फार तर साडेपाचचं. त्याला दिवसाला दीडशे-दोनशे ग्रॅम शिजवलेलं मांस आणि वर चिमूटभर भात पुरतो, दोन-तीन वेळांत विभागून. दूध लागत नाही, पाणी लागतं. खाणं ठरवायचं ते आज आहे त्या वजनाला नाही, असायला हवं त्या वजनाला. आणि कमी करायचं ते हळूहळू. आठवड्याला शंभर ग्रॅम उतरलं तरी भरपूर. लठ्ठ मांजराला उपाशी ठेवायचं नाही. त्याने दोन-तीन दिवस खाणं सोडलं की अंगावरची चरबी यकृतात जाऊन बसते आणि ते पिवळं पडून मरू शकतं.

दूध, पनीर, रबडी बंद. खीमा आधी पाऊण, मग निम्मा. दर दुसऱ्या शनिवारी वजन.

वजनाची अडचण अशी की आमच्याकडे मांजराचा काटा नव्हता. ओट्सची पोती तोलायचा होता. त्यावर मेजर एकटा बसायचा नाही, मॅडमच्या कवेतच राहायचा. अशा वेळी सगळेच डॉक्टर एक सोपी युक्ती करतात. माणूस आणि जनावर एकत्र तोलायचं, मग माणूस एकटा, आणि वजाबाकी करायची. आमच्याकडे माणूस एकटा तोललाच गेला नाही, एवढाच फरक.

पहिला शनिवार. त्रेसष्ट.

“अकरा,” मी म्हणालो. “सुरुवातीला असं होतं.”

दुसरा शनिवार. त्रेसष्ट. मी खीमा निम्मा केला. तिसरा, चौथा. त्रेसष्ट. काट्यावर ओट्सचं एक पोतं ठेवून पाहिलं. पोतं बरोबर भरलं, म्हणजे काटा ठीक होता. मी अंडंही निम्मं केलं.

होळी झाली तरी मेजर अकरा किलोच. केस इतके दाट की डोळ्यांना काही कळत नव्हतं आणि हात लावायची माझी छाती नव्हती. हे मी आता सरळ सांगतो. तेव्हा मी म्हणायचो, “नजरेने अंदाज येतो.”

खाणं कमी करूनही जनावर उतरत नसेल, तर बहुतेक वेळा घरातलं कोणीतरी गुपचूप घालत असतं. मी हे साहेबांना सांगितलं. साहेबांनी लगेच स्वयंपाकी भंवरलालला बोलावलं. भंवरलाल सीकरकडचा, मोठ्या मिशांचा. त्याने मुरलीपुऱ्यात नुकतंच बिऱ्हाड केलं होतं आणि बंगल्यावरची ड्यूटी होती म्हणून रोज घरी जायला मिळत होतं.

“मेजर को तू खिलाता है?” साहेबांनी विचारलं.

“ना साब. मैं तो अब पाणी भी पूछ के देऊँ हूँ.”

“खीमा किती शिजवतोस?” मी हिंदीत विचारलं.

“उत्तो ही साब, जित्तो पैली पकातो. मेमसाब ने कम करने का बोल्या कोनी. मेमसाब खुद नाप के देवै है.”

“मग उरलेला जातो कुठे?”

भंवरलालने साहेबांकडे पाहिलं, मग छताकडे. “ठा कोनी साब. बरतन खाली आवै है.”

मला वाटलं, चोर सापडला. शिजतो पूर्ण, बोक्याला मिळतो निम्मा, आणि बाकीचा कुठे जातो हे स्वयंपाक्याला माहीत नाही! साहेबांनाही तसंच वाटलं. सोमवारपासून त्याची बदली लंगरवर, म्हणजे जवानांच्या सामायिक स्वयंपाकघरात. तिथे राहायचंही बराकीत. भंवरलालने सॅल्यूट ठोकला. जाताना माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाचच रजिस्टर चाळू लागलो.

आणि तेवढ्यावर न थांबता मी मेजरचा खीमा आणखी कमी केला. आता ताटलीत राहिला चहाचे चार चमचे.

त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी, मॅडमचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

“डॉक्टर, मेजर परवापासून खात नाहीये. तेवढंसं ठेवलंय, तेही तसंच आहे.”

मी जीप काढली. मेजर कूलरसमोर फरशीवर पडला होता. मी ओठ उचलला. हिरड्यांवर पिवळसर झाक. त्याने चावा घेतला नाही, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो. मग तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्या केसांत हात घातला. आत बोका नव्हताच. नुसत्या फासळ्या लागल्या, आणि पाठीचा कणा फणीसारखा.

मला इतकी लाज वाटली की मॅडमकडे बघवेना.

दवाखान्यात आणून मी त्याला एका तोबऱ्यात ठेवलं. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चाऱ्याची पिशवी. ती पिशवी गवताच्या पेंढ्या तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याला अडकवली. पिशवीतून फक्त दोन कान बाहेर. पिशवीचं वजन आधी केलेलं होतं, ते वजा केलं.

साडेचार किलो.

साहेबही आले होते. त्यांनी रजिस्टर ओढलं आणि मोठ्याने वाचलं, “गेल्या वेळी दोघं मिळून त्रेसष्ट. बोका साडेचार. म्हणजे...”

कर्नल राऊत शूर माणूस होते, पण ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

मॅडम रडायला लागल्या. “मीच खाल्लं,” त्या म्हणाल्या. “त्याच्या वाटचं काढून ठेवायचे आणि टाकवायचं नाही. चांगला मटणाचा खीमा, टाकायचा कसा? आणि तो ताटली चाटून माझ्याकडे बघत बसायचा. एकट्याला कसंतरी वाटू नये म्हणून मीही त्याच्याबरोबर बसायचे. साय पोळीबरोबर, पनीर असंच. जानेवारीत सी-स्कीम भागातल्या डॉक्टरकडे माझं छप्पन भरलं होतं. बावन्न मी... मतलब, उगाच सांगितलं. आणि त्या भंवरलालला कुठे पाठवू नका, त्याने काही केलं नाही. मी कालच बोलणार होते.”

मी मनात गणित केलं. म्हणजे मेजर मुळात सात किलोचा होता. त्याचे अडीच किलो उतरले, तेवढेच मॅडमचे चढले, आणि काटा इमानदारीने तीन महिने त्रेसष्टच दाखवत राहिला. मॅडमनी एक घासही चोरून त्याला घातला नव्हता. माझ्या सबंध नोकरीत सांगितलेलं तंतोतंत पाळणारी ही एकच मालकीण भेटली, आणि तिच्याच बोक्याला मी उपाशी मारायला निघालो होतो.

“सर,” मी म्हणालो, “चूक मॅडमची नाही, माझी आहे. अकरा किलोचा बोका नसतो, हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“मॅडम बावन्न म्हणाल्या, सर.”

साहेबांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, “हं.”

पुढचे पाच दिवस मेजर दवाखान्यातच होता. कातडीखाली सलाइन, बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं, आणि दर दोन तासांनी सिरिंजने तोंडात पातळ सूप आणि अंड्याचा बलक, थोडं थोडं. सिरिंज मॅडमच धरायच्या. सूप भंवरलाल आणायचा, गाळून, कोमट करून, मिशी न हलवता. माझ्याशी बोलायचा नाही. मी त्याची माफी मागितली तेव्हा म्हणाला, “पैली बिल्लो ठीक करो साब.”

पाच दिवसांनी तोंडातलं गिळू लागला, म्हणून मी मेजरला घरी सोडलं. पण आपणहून तो काही खात नव्हता, आणि आपणहून खाल्ल्याशिवाय काही खरं नव्हतं. दोन दिवसांनी भंवरलाल सायकलवरून दवाखान्यात धापा टाकत आला. मला वाटलं, संपलं.

“साब! मेजर साब ने चोरी कर ली!”

“काय?”

“मुर्गे की टाँग, साब! म्हारी परात में से! ओटे पे चढ के!”

तो ओट्यावर चढला होता. उडी मारून. एवढी आनंदाची चोरी मी पुन्हा ऐकली नाही. भंवरलालने मला मिठी मारली आणि मग आपण कॅप्टनच्या गळ्यात पडलोय हे लक्षात येऊन सावधानमध्ये उभा राहिला. लंगरची बदली केव्हाच रद्द झाली होती.

मेच्या मधल्या एका शनिवारी पुन्हा वजन होतं. बाहेर लूच्या झळा सुरू झाल्या होत्या. मेजर तोबऱ्यात बसून चार किलो आठशे भरला, पाठ स्वतः चाटू लागला होता आणि मला पुन्हा चावला. मी आनंदाने आयोडीन लावलं.

मग मॅडमनी मेजरला भंवरलालच्या हातात दिलं आणि त्या ओट्सच्या काट्यावर एकट्या जाऊन उभ्या राहिल्या.

“लिहा,” म्हणाल्या.

“किती, मॅडम?”

“जे असेल ते.”

मी सवयीने पाठ फिरवली. साहेब खिडकीतून घोडे बघू लागले. भंवरलालला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने वाकून काटा वाचला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, “साढ़े अठावन, मेमसाब! बढ़िया वजन है!”

मॅडम काट्यावरून उतरल्या आणि हसल्या. मग आम्ही सगळेच हसलो.

त्या वर्षीच्या एसीआरमध्ये कर्नल राऊतांनी माझ्याबद्दल चांगलं लिहिलं. शेवटी एकच ओळ होती, ‘वरिष्ठांचं म्हणणं फार लवकर मान्य करतो.’ मी त्याखाली सही केली. हेही लवकरच.

पुढच्या प्रत्येक पोस्टिंगवर मी सामानात एक तोबरा आणि स्प्रिंगचा काटा नेला. निवृत्तीनंतर दवाखाना काढला, तिथे दाराशीच तो काटा टांगलेला आहे. मांजर घेऊन येणारा माणूस आजही म्हणतो, डॉक्टर, माझं वजन अमुक आहे, लिहा. मी लिहितो. पेन्सिलीने. मग आधी मांजराच्या फासळ्यांवर हात ठेवतो.