दादाने बिडाच्या रिंगा निवडल्या

दादाच्या इंजिनाची रिंग मी मोडली.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून त्याचे फोटो आणि फुलं येतायत. सगळ्यांना थँक्यू. पण मला हे एकदा लिहून टाकायचंय.

हेमंतदादा माझा मोठा भाऊ. बोईसरच्या एमआयडीसीत बावीस वर्षं मेंटेनन्स फिटर. मशीन बंद पडलं की शिफ्ट संपलेली असली तरी फोन त्यालाच.

मग नसांचा आजार निघाला.

आधी बोटं गेली. चहाचा कप सुटायला लागला, नंतर शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. औषध नाही.

आमचं घर मुरबे गावात. घरामागे ताडपत्रीखाली बाबांच्या बोटीचं जुनं डिझेल इंजिन पडलेलं होतं. एका सिलिंडरचं, आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठं. बाबा नाहीत, बोटही कधीच मोडीत गेली. दादाने नोकरी सोडली आणि ते इंजिन उघडायला काढलं.

"एकदा चालू करून ऐकायचं हाय," म्हणाला. "पन हात तुझे लागतील."

मी लॅबमध्ये काम करते. पाना कसा धरायचा तेही मला माहीत नव्हतं. दर रविवारी बोईसरहून स्कूटीने जायचे. तो खुर्चीत बसून सांगायचा, मी करायचे. आणि ओरडायचा किती!

"अगं, उलटा फिरवतेस!"

आई हसायची. ते रविवार बरे होते.

पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो तो लायनर. त्याचं होनिंग, म्हणजे आतून घासकाम, करून घ्यायला आम्ही दोघं पालघरला गेलो. दुकानातले काका दादाच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी पिस्टनवर चढवायच्या रिंगांचे दोन डबे पुढे ठेवले, एक क्रोमचा, एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा.

"हेमंत, क्रोमच्या घे. वर्षानुवर्षं बघायला नको."

"बिडाच्या द्या."

"अरे, त्या लवकर झिजतात."

"झिजू दे."

परत येताना मी चिडले. एवढी मेहनत करायची आणि कमी टिकणारा माल घालायचा?

दादा मागे बसला होता.

"क्रोमची टिकते, पन लायनरमधे बसाला जाम वेळ लागते. तोवर नुसता धूर. बिडाची पटकन बसते."

मग म्हणाला, "माझ्याकडं किती वेळ हाय, वैशू?"

मी गाडी थांबवली नाही.

पिस्टनला चार रिंगा, प्रत्येकीला एक चीर. खालून वर चढवत जायच्या. बीड ठिसूळ, जास्त फाकवली की रिंग तुटते. म्हणून दादाने माझ्याकडून पत्र्याच्या पातळ पट्ट्या कापून घेतल्या होत्या. त्यांच्यावरून रिंग अलगद सरकवायची.

दोन छान बसल्या.

तिसरीला मी पट्ट्या घेतल्याच नाहीत. जमतंय असं वाटलं.

दादा काहीतरी बोलला. तोवर त्याची जीभ जड झाली होती, शब्द नीट कळायचे नाहीत. मला वाटलं, शाबासकी देतोय. मी "हो रे" म्हणाले आणि रिंग फाकवली.

टक्.

दोन तुकडे माझ्या हातात.

"पट्ट्या," तो परत म्हणाला. या वेळी मला स्पष्ट ऐकू आलं.

ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, एक रिंग कमी घालून चालवू या. त्याने नकारार्थी मान हलवली. फिटर होता तो.

पालघरला फोन केला. त्या जुन्या मापाचा बिडाचा दुसरा सेट नव्हता, क्रोमचाही तोवर विकला गेला होता. काकांनी राजकोटहून मागवला.

एक आठवडा गेला. दुसरा. पाचवा.

सेट आला तेव्हा दादा पालघरच्या हॉस्पिटलमध्ये होता, ऑक्सिजनवर. मी डबा घेऊन गेले. उघडून त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"रविवारी बसवू या आपण."

त्याने डब्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिला. मग डोळे मिटले.

शनिवारी गेला.

गेल्या महिन्यात मी एकटीने चारही रिंगा चढवल्या. शेजारच्या भाऊंनी हँडल मारलं आणि तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. आळीतले लोक जमले. टाळ्या वाजवल्या. कोणीतरी माझ्याच फोनवर व्हिडिओ काढला.

आई मागच्या दारात उभी होती. थोडा वेळ ऐकलं तिने.

"बंद कर गो. कोनासाठी चालवतेस?"

मी बंद केलं. त्यानंतर लावलेलं नाही.

सगळे समजावतात, त्याने तुला केव्हाच माफ केलं असेल. केलंच असेल. तो तसाच होता.

मला त्याचा काही उपयोग होत नाही.

व्हिडिओ मागू नका. मी डिलीट केलाय.

दादा, आज फक्त नमस्कार. दुसरं काही सुचत नाही.

वैशू