सोळाशेचा कंडेन्सर

माझ्या मामेसासऱ्यांइतका भरवशाचा, आणि त्या भरवशापायीच इतका ताप देणारा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. अकोल्याला ते कचेरीत कारकून होते, पण जीव सगळा रेडिओत. खेड्यांत तेव्हा वीज नव्हती. रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालायचा आणि शेजारी एक गुणगुणणारी पेटी असायची. बॅटरीचे सहा व्होल्ट शेकड्यांवर नेण्याचं काम तिचं. ती बिघडली की मोर्शीपासून चांदूरपर्यंतचे लोक मामाजींना बोलावत. मामाजी येत, पण आधी बाजेची दोरी ओढून बघत, मगच टेकत. आमच्या लग्नात त्यांनी मांडवाचा खांब असा काही गदगदा हलवला की भटजी मंगलाष्टकं सोडून बाहेर जाऊन उभे राहिले. "मजबूत हाय," मामाजी म्हणाले, "चालू द्या."

लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्या बायकोला नागपूर रेडिओवर गायचं बोलावणं आलं. ती भावाबरोबर तिकडे गेली आणि मी चांदूर रेल्वेजवळच्या सासुरवाडीला, सासूबाईंसोबत गाणं ऐकायला. गावात रेडिओ त्यांच्याकडचा तो एकच. अंगणात सतरंज्या पडल्या, बायाबापड्या जमल्या, आणि जेवणं उरकून गाण्याला अर्धा तास उरला तोच पेटी गप्प झाली. मामाजी गाण्यासाठी आलेलेच होते. त्यांनी पेटी उघडून विजेचे झटके झेलणारा, फुटलेला कंडेन्सर चिमट्यात धरला.

"हा सोळाशे व्होल्टचा. याच्या जोडीचा परवाच मोर्शीले लावून आलो. आता पिशवीत हाय तो चारशेचा."

"दिसतो तर सारखाच," मी म्हणालो.

"माप सारखं हाय जवाईबापू, दम नाही. इथं झटके हजाराच्या वर जातात. हा फुटला का ट्रान्सफॉर्मर जळते, अन् मंग तुमची सतरंजी."

सासूबाई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, पदर खोचून पुढे आल्या. "अरे, पाच मिन्टाचं गाणं! तेवढ्यापुरता लाव ना. माही पोरगी गाणार हाय अन् तू कावून आडवा येऊन राहिला?"

"अक्का, भरल्या अंगणात मी हे नाही लावत."

"तं मंग मले तोंड दाखवू नको!"

मामाजी उठले. आता हे अकोल्याची वाट धरणार असंच मला वाटलं. पण ते गोठ्यात गेले आणि दमणीला बैल जुंपून दारात आले. "चांदुरात वकिलाकडे विजेवरचा रेडिओ हाय. बस लवकर." त्या दिवशी त्यांनी ना जू तपासलं, ना चाक. दमणी अशी उधळली की मी दोन्ही हातांनी सासूबाईंना धरलं, की त्यांनी मला, ते आजही सांगता यायचं नाही.

वकिलांच्या ओसरीत शिरलो तेव्हा शेवटचं कडवं चालू होतं. सासूबाई रेडिओला कान लावून उभ्या राहिल्या. गाणं संपलं तरी हलल्या नाहीत.

"आवाज बसला तिचा," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "जेवली नसन सकाळपासून."

मामाजी बाहेर बैलांपाशीच थांबले होते. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं. "अंदर ये ना रे. बैलासंगंच उभा राहतो का?"

आता खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आलेत आणि त्या पेट्या अडगळीत गेल्या आहेत. मामाजीही गेले. सासूबाईंनी लेकीचं गाणं पुढे कितीदा तरी समोर बसून ऐकलं, पण कौतुकानं सांगतात ते चांदूरच्या त्या एका कडव्याचंच. सांगता सांगता भावाचं नाव आलं की मात्र थांबतात, आणि पुढचं मी सांगावं म्हणून माझ्याकडे बघत राहतात.