पाणाड्याच्या पोराचा विषय

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाने भौतिकशास्त्राचा एक संशोधन प्रकल्प करायचा, असा आमच्या नगरच्या कॉलेजात नियम होता. सगळ्यांचे विषय दिवाळीआधीच ठरले. माझा तर सरांनी सुचवला, मी मान हलवली, झालं. राहिला एकटा मच्छिंद्र, माझा खोलीतला जोडीदार. विषय त्याचा ठरत नव्हता आणि डोकं माझं उठत होतं, कारण गडी सारखा माझ्यासमोर येरझारा घालायचा.

मच्छिंद्र मिरजगावकडचा. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. पण हाताला त्याच्यासारखा वर्गात दुसरा नव्हता. बंद पडलेला मीटर त्याच्यापुढे ठेवा आणि चहा पिऊन या, तोवर काटा हलायला लागलेला असायचा. असा पोरगा एका विषयापायी इतका का गळाठतो, हे मला कळेना. सुरुवातीला मी चेष्टाच केली. म्हटलं, "अरे, विषय निवडतोयस का बायको?" तो हसला नाही.

ते बहात्तरचं साल, दुष्काळाचं. मी पुणतांब्याचा, गोदाकाठचा. पाणी शोधावं लागतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मच्छिंद्राच्या भागात मात्र विहिरींच्या तळाला पोरं गोट्या खेळत होती. आमच्या भिंगारदिवे सरांच्या मनात तेच असावं. त्यांनी त्याला बोलावून विषय सांगितला. जमिनीत एका ओळीत चार सळ्या ठोकायच्या, कडेच्या दोहोंतून वीज सोडायची आणि मधल्या दोहोंमध्ये तिचा दाब मोजायचा. ओल्या खडकातून वीज सहज जाते, कोरडा खडक तिला अडवतो. त्यावरून खाली पाणी असेल की नाही याचा अंदाज बांधायचा.

"तुझ्या गावासाठीच आहे बघ हा विषय," सर म्हणाले.

मच्छिंद्राचा चेहरा पांढराफटक पडला. "विचार करून सांगतो, सर," एवढंच कसंबसं म्हणाला.

मग सुरू झाली टाळाटाळ. आधी म्हणाला, उसाच्या काकवीचा दाटपणा मोजतो. सर म्हणाले, मागच्या वर्षी एकाने तेच केलं, सगळ्या उपकरणांना मुंग्या लागल्या. मग म्हणाला, घंटेच्या नादावर काम करतो. सर म्हणाले, ते बी.एस्सी.च्या पोरांचं काम. शेवटी तेही वैतागले. "सोमवारी विषय लिहून दे. नाही दिलास तर तुझं हे वर्ष गेलं म्हणून समज."

त्या दिवशी माझंही टाळकं सरकलं. मी दार लावलं आणि त्याला कॉटवर बसवलं. "लेका, हातात आयता विषय ठेवलाय माणसाने. तुझं नेमकं दुखतंय कुठं?"

नखं कुरतडत बसला. मग बोलला. त्याचे वडील सहादेवबापू पाणाडे होते. म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारे. तळहातावर आडवा नारळ धरून ते रानातून चालत, आणि नारळ उभा राहिला की तिथे चुना लावलेला दगड ठेवत. लोक त्या जागी विहीर खोदत. त्यांच्या घरात आज्यापासूनची एक रीत होती. दगड ठेवला की त्या विहिरीला पाणी लागेपर्यंत पायात वहाण घालायची नाही. चपला दारामागे टांगून ठेवायच्या. बापूंच्या पायांकडे बघूनच गावाला कळायचं, कुणाच्या विहिरीचं काय झालं ते.

"गेल्या उन्हाळ्यापासनं बापू अनवाणी हायेत," मच्छिंद्र म्हणाला. "सांगितलेल्या विहिरी कोरड्या गेल्या. आता गावाच्या विहिरीची जागा दाखवलीय. येत्या हप्त्यात सगळं गाव खोदायला उतरणार. आणि त्याच टायमाला मी सळ्या घेऊन जाऊ? यंत्र म्हणालं की इथं पाणी न्हाई, तर? बापाला खोटं पाडायलाच पोरगं शिकवलं, असं म्हणतील लोक."

"आणि म्हणालं की आहे, तर?"

"तरी बापू इचारतील, माझी परीक्षा घ्यायची हुती व्हय तुला?"

इतके दिवस याला शिव्या घातल्या आणि हा पोटात हे घेऊन फिरत होता. मग म्हटलं, घरी जाऊन सरळ विचारून टाक. तर म्हणतो कसा, माझी जीभ उचलायची नाही. त्याला एकट्याला सोडलं असतं तर तो मिरजगावच्या स्टँडवरनंच परत फिरला असता, म्हणून रविवारी मीही एसटीत चढलो. वाटभर तो खिडकीबाहेर बघत होता.

बापू ओट्यावर बसले होते. बारीक अंगाचा, शांत माणूस. टाचांच्या भेगांत माती बसली होती आणि एका पायाला चिंधी गुंडाळली होती. चपला दारामागे टांगलेल्या. मच्छिंद्राची नजर आधी तिकडेच गेली.

जेवायला बसलो. त्याच्या आईने, छबूबाईंनी, रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी केल्या होत्या. मच्छिंद्र घास नुसता घोळवत होता. बापूंनी विचारलं, "तुझं ते शिक्षान कुठवर आलं?" तर हा म्हणाला, "चाललंय." एवढ्या लांबून आलो ते 'चाललंय' म्हणायला? माझ्याच्याने राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. सळ्या, वीज, ओला खडक, सोमवार, सगळं.

छबूबाईंचा भाकरी वाढणारा हात तसाच थांबला. मच्छिंद्राने मान खाली घातली. मला वाटलं, आता बापू ताट सरकवून उठतात.

बापू सावकाश भाकरी चावत होते. मग त्यांनी पोराला विचारलं, "त्या यंत्राची चूक हुती का कवा?"

"हुती की बापू. कधीमधी हुती."

"मग रं? चुकलं की मान्सं काय म्हनत्यात त्याला?"

"काय म्हणणार? सळ्या जरा सरकवायच्या आन् परत मोजायचं."

"परत मोजायचं," बापू म्हणाले. त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला. "मला आजवर कुनी परत मोजू दिलं न्हाई, पोरा. एकदा दगड ठिवला की ठिवला. नारळ हातात हुभा ऱ्हातो हे खरं हाय. पन तो पान्यानं हुभा ऱ्हातो का माझा हात थरथरतो म्हनून, हे मला अजून कळलं न्हाई. आता त्या दगडापाशी सारं गाव घाम गाळनार. मला घास ग्वाड लागत न्हाई."

मच्छिंद्र रडत होता आणि लपवतही नव्हता.

"घे तू त्यो इषय," बापू म्हणाले. "आन् पयल्या सळ्या माझ्या दगडापाशी ठोक. सरपंचाला मी सांगतो, पोरगं यीस्तवर खोदाई थांबवा म्हनून."

"लोक काय म्हणतील, बापू?"

"म्हनू दे. कोरड्या हिरीपायी जे म्हनत्यात त्यापरास बरंच आसंल."

दुपारच्या गाडीला आम्ही निघालो. बापू सोडायला येतो म्हणाले. दारापाशी ते थांबले, वर हात घातला आणि टांगलेल्या चपला काढल्या. गावाच्या विहिरीत अजून कुदळही पडली नव्हती. छबूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चपला हातात घेतल्या, पदराने धूळ पुसली आणि त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

बापू त्या घालून आमच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आले.