शिट्टीवाला मुराळी

दिवाळीत सुरतेचे लूम बंद पडले की आमच्या आईला घर खायला उठायचं. एरवी उधन्यातल्या आमच्या गल्लीत दिवसरात्र खटखट चालू असे. बोलायचं तर ओरडूनच बोलायचं, आणि त्याची मला इतकी सवय झालेली की मी शाळेतही ओरडून उत्तरं द्यायची आणि बाईंची बोलणी खायची. धनतेरसच्या सुमारास कारखान्यांना कुलपं लागली की एकदम सगळंच ऐकू यायला लागे. शेजारच्या घरातलं भांडण, नळाची गळती, आईच्या बांगड्या. आई मग एका जागी टिकायची नाही. फळीवरचे डबे खाली काढायची, पुसून वर ठेवायची, आणि तासाभरानं पुन्हा तेच. एरवी टिकल्या लावायला साड्यांचा गठ्ठा यायचा, तोही सुट्टीत बंद. मग ती दारात जाऊन उभी राहायची आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत बसायची.

ती कुणाची वाट बघते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. ती मुराळ्याची वाट बघायची.

आमच्या खानदेश-बागलाणात सासुरवाशीण आपल्या पायांनी माहेरी जात नाही. तिला न्यायला माहेराकडचं माणूस यावं लागतं, तो मुराळी. भाऊ असो, भाचा असो, नाहीतर शिवारातला कुणीही असो. त्यानं दारात यायचं, गोडाधोडाचं जेवायचं, तिची पिशवी खांद्यावर घ्यायची आणि पुढे चालायचं. ती मागून. दिवाळीत आमच्या गल्लीत असे मुराळी रोज उतरायचे, पांढरी टोपी सावरत घरं विचारायचे, आणि बायकांचे चेहरे उजळायचे. आमच्या दारात पाच-सहा वर्षांत कुणी उतरलं नव्हतं.

आजोबा गेले तेव्हाची गोष्ट. निरोप किराणा दुकानातल्या फोनवर आला आणि आमच्यापर्यंत पोचेपर्यंत रात्र झाली. आई दुसऱ्या दिवशी गावी पोचली, तोवर सगळं उरकलेलं होतं. तिला बापाचं तोंड दिसलं नाही. ती उंबऱ्याबाहेरच थांबली आणि मामाला म्हणाली, "माझ्यासाठी थांबला नाहीस. आता मला न्यायला पण येऊ नको." आणि आल्या पावली परत फिरली. मामा तिचा एकुलता एक भाऊ. हट्टाच्या बाबतीत एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. येऊ नको म्हणाली ना? तो आला नाही. आणि ही दर दिवाळीला दारात.

मी तेव्हा दहावीत होते आणि मला या प्रकाराची चीड यायची. सुरतेत वाढलेली मी. मैत्रिणींशी गुजरातीत बोलायची. त्या सुट्टी लागली की मामाच्या घरी पळायच्या. त्यांच्या आयांना कुणी न्यायला येत नसे, त्या सरळ बस पकडायच्या. मी आईला म्हणायची, तूही पकड. ती म्हणायची, "न बोलावता जायला मी काय भिकारीण आहे?" मग पुन्हा डबे खाली.

त्या वर्षी आमचे गाइड घरी आले. गाइड म्हणजे बाबांच्या ओळखीचे एक फिटर. पांडेसऱ्यात डाइंगच्या मिलमध्ये कामाला, आणि दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतल्या लोकांना डोंगरात पायी फिरवून आणायची त्यांना भारी हौस. गळ्यात शिट्टी, हातात वेळूच्या काठीला बांधलेला चुकीच्या छपाईचा साडीचा तुकडा, हा त्यांचा झेंडा. माणूस बागलाणातलाच, आईच्या गावाच्या नदीपलीकडचा. त्यांनी ओट्यावर बसून सहलीची वाट सांगायला सुरुवात केली. आहव्यापर्यंत एस.टी., मग डांगच्या जंगलातून घाट चढून साल्हेरच्या पायथ्याला, तिथून मुल्हेर, जुनं गाव, जुनी देवळं, आणि शेवटी मोसम नदीच्या काठानं द्राक्षांच्या बागा.

आई सांजोऱ्या तळत होती. नदीचं नाव आलं आणि तिचा झारा कढईवरच थांबला. एक सांजोरी करपली. मग तिनं पाट मांडला, गाइडना म्हणाली, जेवल्याशिवाय जायचं नाही. पोटभर जेवू घातलं, वर चार सांजोऱ्या वाढल्या, आणि ते हात धुवत असताना म्हणाली, "आमची दोघींची नावं धरा."

बाबांना सुट्टीत बॉयलर खोलायचं काम होतं, ते येणार नव्हते. त्यांनी आईकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "जाय. डोंगर दखी ये."

एस.टी.त मी तिला विचारलं, "आई, आपण मामाकडे चाललोय ना?"

"डोंगर दखाले जाई राह्यनूत," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. तिच्या पायाचा अंगठा सारखा हलत होता.

आमचे गाइड वाट चुकण्यात पटाईत होते. डांगच्या जंगलात त्यांनी आम्हाला एकाच ओढ्यावर दोनदा आणलं आणि दुसऱ्यांदाही तितक्याच रुबाबात सांगितलं, की इथं पाणी प्यायची जुनी पद्धत आहे. शेवटी मोळी घेऊन चाललेल्या एका म्हातारीनं हात धरून वाटेला लावलं. इतिहासही त्यांचा असाच. पडकी भिंत दिसली की तिथं राणीचा महाल होता. साल्हेरला जी राणी, तीच मुल्हेरला. एकानं शंका काढली तर म्हणाले, राणी काय एकाच जागी बसून राहते? मात्र सुरतेहून महाराज याच वाटेनं परतले हे सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. मग आमच्या पिशव्यांकडे बघून म्हणायचे, "त्यांच्या खांद्यावर केवढं ओझं होतं! तुम्ही चिवड्यानं वाकलात."

गुजरातची हद्द संपली तेव्हा आमच्यातल्या दोन सडाफटिंग कारागिरांच्या अंगात एकदम उत्साह संचारला. पुढच्या द्राक्षांची म्हणे दारूसुद्धा होते, असं ते एकमेकांना सांगायला लागले. गाइडनी शिट्टी फुंकली. "ही बघायची द्राक्षं आहेत," म्हणाले.

मला मात्र काही धड बघता येत नव्हतं, कारण आई. पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे. झेंडा मागे आणि ही पुढे. गाइडनी चारदा शिट्टी वाजवली, शेवटी ओरडले, "आक्का, गाइड मी शे!" थांबली की तिला बसवत नसे. लोक चहा प्यायचे आणि ही उभ्या उभ्या घोट घेऊन पदर खोचायची. पण मुल्हेर जवळ आलं तशी तिची चाल मंदावत गेली. सगळ्यांच्या मागे राहायला लागली. चप्पल लागते म्हणाली. चप्पल जुनीच होती, कधी लागली नव्हती. गाइडनी काही न विचारता तिची पिशवी आपल्या खांद्यावर टाकली आणि पुढे झाले. मी त्या दोन टोकांच्या मध्ये धावत होते. पुढच्यांना म्हणायची थांबा, आईला म्हणायची चल. मला दोन्हीकडचा वैताग आला होता.

मुल्हेरच्या देवळापाशी गाइड सांगत होते, की सुरतेच्या बंदरावरचं कापड बुऱ्हाणपूरकडे जाताना इथं मुक्कामाला थांबायचं. आई ऐकत नव्हती. ती कडेला जाऊन खाली बघत होती. दरीत हिरव्या चौकोनांची ओळ लागलेली. तिनं माझा दंड धरला.

"ती चिंच दिसते? तिच्या अंगाला विहीर. विहिरीपासून नदीपर्यंत सगळी बाग. पहिले वेल माझ्या बापानं लावले, आणि कळशीनं पाणी मी घातलं. लोक हसायचे आम्हाला. म्हणायचे, बाजरीच्या रानात द्राक्षं!"

इतकी वर्षं तिनं मला हे सांगितलं नव्हतं. माझ्या लेखी आईचं माहेर म्हणजे एक रुसवा होता. तिथं झाडं आणि विहीर होती हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिला म्हटलं, आपण सरळ जाऊ या घरी, काय होतंय? तिनं माझा दंड सोडला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आम्ही खाली उतरलो आणि गाइड काठीवरचा झेंडा उंच धरून, शिट्टी फुंकत सरळ त्याच बागेत घुसले. त्यांना आतलं काहीच माहीत नव्हतं, चिंचेची सावली बघून त्यांनी ती बाग निवडली होती. मांडवाखाली हिरवे, गोटीसारखे कडक घोस लटकत होते. लोक माना वर करून बघत होते, ते दोघे सडाफटिंग एक मणी चाखून तोंड वाकडं करत होते. आई बांधाच्या अलीकडे चिंचेखाली उभी.

"आक्का, चाला, आतमधून दखा," गाइड परत येऊन म्हणाले.

"बांध माझ्या बापाचा आहे," आई म्हणाली. "बोलावल्याशिवाय नाही ओलांडणार मी."

गाइड तिच्याकडे बघत राहिले. मग बागेकडे, मग माझ्याकडे. मी चार वाक्यांत सगळं सांगितलं, आणि लूमच्या सवयीनं बहुतेक ओरडूनच सांगितलं, कारण सगळी मंडळी गप्प झाली आणि बागेच्या पलीकडून एक माणूस पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आला. "कोन शिट्टी वाजाडी राह्यना रे मन्हा मळामा?"

मामा. मी त्याला नाकावरून ओळखलं, ते आईचंच नाक होतं. त्यानं आईला बघितलं आणि जागीच थांबला. पंपाच्या नळीतून औषध त्याच्या पायावर गळत होतं. तो बांधाच्या आत, ही बांधाच्या बाहेर. मध्ये दोन पावलं जमीन. मला इतका राग आला की वाटलं आईला मागून ढकलून द्यावं. एवढं जंगल तुडवून आलो ते या दोन पावलांपाशी अडायला?

गाइडनी घसा साफ केला. "आरे भाऊ," ते मामाला म्हणाले, "मुराळ्याले पाणी तरी पाज."

"कोनता मुराळी?" मामा म्हणाला. "मी कोनले धाडं नही."

"इन्हा घर जेवनू. सांजोऱ्या खाध्यात. पिशवी मन्हा खांदावर. सगळी वाट मी पुढे चालनू." त्यांनी पिशवी थोडी उचलून दाखवली. "मुराळी आनखी कसा राहस?"

कुणीतरी मागे हसलं. आईनं पहिल्यांदा त्या पिशवीकडे नीट बघितलं. मुल्हेरच्या अलीकडून ती पिशवी तिच्या पुढे चालली होती आणि तिच्या लक्षात आलं नव्हतं. आता ती बांधाच्या अगदी कडेला आली.

मामा मात्र तसाच. "तूच सांगेल व्हतं," तो तिला म्हणाला, "लेवाले येऊ नको."

"सांगेल व्हतं," आई म्हणाली. "पन तू ऐकं कसाले?"

तिचा आवाज फाटला. मी आयुष्यात पहिल्यांदा आईला चारचौघांत रडताना बघत होते, आणि मीही रडत होते, हे मला गालावर हात गेल्यावर कळलं. ऐकलंस कशाला! बाई स्वतःच दार लावून घेते आणि पाच-सहा वर्षं आतून कान लावून बसते, हा काय न्याय झाला? पण मामाला तो न्याय एका क्षणात समजला असावा. त्यानं पाठीवरचा पंप काढून मांडवाच्या खांबाला टेकवला. बांध ओलांडून अलीकडे आला. गाइडच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आईकडे न बघता वळून घराच्या दिशेनं चालायला लागला.

आईनं चप्पल काढून हातात घेतली आणि बांध ओलांडला.

मी तिच्या मागे होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. मामा मान न वळवता, वाटेशी बोलल्यासारखा बोलत होता. आजोबा गेले त्या दिवशी तो दुपारपासून फाट्यावर उभा होता. भर उन्हाळा होता, लोक उचलायची घाई करत होते, आणि तो प्रत्येक बस बघत होता.

"शेवटनी यष्टी लगून थांबनू मी," तो म्हणाला. "बापले मी सांगेल व्हतं, ती येई राह्यनी."

आई भराभर पावलं टाकत त्याच्या बरोबरीला गेली. मुराळ्याच्या बरोबरीनं चालायची रीत नाही, पण त्या दिवशी त्या दोघांना कुणी सांगितलं नाही.