लई आराम हाय

“उचला, आपा. गुडघा न वाकवता.”

नसीमआपांनी ओठ आवळले. जोर लावला, पण टाच गादीवरून हलली नाही. मी टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. ऑपरेशनचा पाय दोन महिन्यांत पार वाळला होता.

मी मंचरची फिजिओथेरपिस्ट. आपा जुन्नरच्या, घराच्या वरच्या मजल्यावर शिवणक्लास चालवायच्या. गुडघ्यालगतच्या हाडात कॅन्सर निघाला. पुण्यात तेवढं हाड काढून धातूचा सांधा बसवला. गाठीबरोबर मांडीचा पुढचा स्नायूही थोडा गेला. सांधा म्हणजे नुसती बिजागरी. पाय सरळ करतो तो हा स्नायू. त्यात जोर नसला तर पाऊल टाकताना गुडघा दगा देतो. माणूस पडतं, सांध्याजवळचं हाड मोडतं, की पुन्हा ऑपरेशन.

केमो चालू, इन्फेक्शनची भीती, म्हणून आजपर्यंत माझ्या व्हिजिट बंद होत्या. व्यायाम शिकवून आले होते आणि दर आठवड्याला फोन करत होते.

“व्यायाम कोण घेत होतं?” मी चढ्या आवाजातच विचारलं.

“व्यायाम?” त्यांचे मिस्टर हनीफभाई गोंधळले. “तुमीच तर फोनवर इचारायच्या, ‘आराम आहे ना?’ आमी म्हनायचो, लई आराम हाय. मंग तुमी म्हनायच्या, छान, असंच चालू ठेवा. आमी समजलो, आता व्यायाम न्हाई, आरामच करायचा.”

“अहो, आराम म्हणजे दुखणं कमी आहे का, असं!”

“आमी तर पाय खाली टेकू दिला न्हाई, मॅडम. संडासला बी उचलून न्यायचो.”

बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. राग काढणार कुणावर? मला माझाच आला.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. “दाबा.” काही नाही. “पुन्हा.” माझी बोटं मांडीवरच होती. बाराव्या-तेराव्या वेळी आत किंचित काहीतरी फडफडलं. “आलं!” मी ओरडलेच. मग दिवसाआड मंचर-जुन्नर सुरू झालं. नारायणगावात गाडी अडकली की जीव नुसता वरखाली व्हायचा.

पाच महिन्यांनी आपा जिना चढल्या. एका हाताने कठडा, दुसऱ्यात काठी धरून, चांगला पाय आधी टाकत. पण पाय पूर्ण सरळ काही होईना. तो आजही होत नाही.

“चूक तुमची बी, आमची बी,” वर पोचल्यावर त्या म्हणाल्या. “काठी मातर माझ्या एकटीच्या वाट्याला.”



हल्ली फोनवर मी कुठल्याच पेशंटला ‘आराम आहे ना?’ विचारत नाही. ‘आज खुर्चीतून किती वेळा उठलात?’ असं विचारते. आकडा पटकन आला नाही, की गाडी काढते.