शेळ्या पळाल्याशिवाय वाघ नाही

मंडळी, निजामाच्या मोगलाईत फिरताना आज उमापूरला एक अवलिया भेटला. गफूरचाचा. मोहरमात नवस फेडायला वाघ होणाऱ्यांची अंगं ते रंगवतात. आमचा गाडीवान बघायला थांबला, म्हणून मीही उतरलो.

समोर सखाराम धनगर उभा होता. पोरगं तापातून वाचलं म्हणून त्याचा नवस. अंगावर पिवळे-काळे पट्टे झाले होते, पण तोंड चाचांनी कोरंच ठेवलं होतं.

"आधी डरकाळी फोड. तुझ्या शेळ्या पळाल्या तरच तोंड रंगवतो."

सखाराम ओरडला. शेळ्यांनी धन्याचा आवाज ओळखला आणि उलट जवळ येऊन त्याचे पट्टे हुंगू लागल्या. सगळी गल्ली हसली.

तिकडे मिरवणुकीचे ताशे वाजायला लागले. मी म्हणालो, "चाचा, रंगवा की आता! उशीर होतोय."

"साहेब, रंग माझा हाय, नवस त्याचा हाय. वाघ त्यालाच व्हावं लागंल." मग सखारामकडे वळून म्हणाले, "पोरगं तापानं फणफणलं व्हतं, तवा नवस बोलताना बी अशीच मिणमिण केलतीस का बे?"

सखारामनं छाती भरून श्वास घेतला. मग असा ओरडला की माझ्या अंगावर काटा आला. शेळ्या चौफेर उधळल्या. तो रोजच्या आवाजात त्यांना हाका मारत मागं धावला, पण एकही परत येईना.

चाचांनी कुंचला रंगात बुडवला. "ये, बस आता. त्यांनी बी मानलं."

मी ठामपणे सांगतो, असा हट्टी कलावंत पुण्यातही नाही. तुम्ही सांगा, घरच्यांनाही ओळखू येऊ नये असा आवाज तुमच्या तोंडून कधी निघालाय? कुणासाठी?